धाब्याची माती आणि माशांची पेटी

बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या गावांत अजून काही धाब्याची घरं उभी आहेत. लाकडी सरांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यांच्या वर मातीचा जाड थर. ही माती कुठलीही चालत नाही. मिरगाच्या आधी घरातलं जाणतं माणूस खारी पांढरी माती आणून धाब्यावर पसरतं आणि मग पावसाळाभर घर कोरडं राहतं. मातीनं पाणी अडवावं याचं नवल वाटतं, पण त्यामागचं कारण साधं आहे. या मातीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. ती ओली झाली की चिकणमातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि शेजारच्या छिद्रांत जाऊन बसतात. पाण्याच्या वाटा पाण्यानंच बंद होतात. पूर्णेच्या खोऱ्यात याच गुणामुळे शेतकरी हैराण असतो, कारण शेतातलं पाणी खाली मुरत नाही. धाब्यावर मात्र हाच दोष कामाला येतो.

पाणी अडवायचं म्हणजे त्याच्या वाटा बुजवायच्या, एवढंच हे शास्त्र आहे. तेच घेऊन आपल्याला प्लायवूडचं मत्स्यालय बांधायचं आहे. फरक इतकाच की धाब्याला उतार असतो आणि पाऊस थांबला की धाबं वाळतं. माशांच्या पेटीतलं पाणी वर्षाचे ३६५ दिवस, रात्रंदिवस, त्याच जागी उभं राहून भिंतीला रेटत असतं. त्याला घाई नसते. बांधणाऱ्यानंही घाई करायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या कामातल्या बहुतेक चुका घाईच्याच असतात.

मुळात लाकडाची पेटी का, हा प्रश्न रास्त आहे. छोट्या टाकीला काचच बरी. पण उंची वाढली की काचेची जाडी वाढवावी लागते, आणि जाड काचेचं वजन आणि किंमत दोन्ही भराभर चढतात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या टाकीत आपण एकाच बाजूनं बघतो. उरलेल्या बाजू पारदर्शक असून उपयोग काय? जगभरच्या मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत हाच विचार असतो, बघायची बाजू तेवढी पारदर्शक आणि बाकी भिंती काँक्रीटच्या. घरात काँक्रीटऐवजी प्लाय घ्यायचा. विदर्भात आणखी एक फायदा मिळतो. लाकडातून उष्णता काचेच्या मानानं कितीतरी सावकाश जाते. मलकापूर, नांदुऱ्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी हा फरक माशांना कळतो. ३० अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांवर तो सातवर येतो. आणि नेमका तेव्हाच माशाचा श्वास वाढलेला असतो.

आता मापं. बाजारात प्लायचा पत्रा ८ बाय ४ फुटांचा मिळतो, म्हणजे ३२ चौरस फूट. ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पेटी घ्या. तळ, पाठ आणि समोरची भिंत हे प्रत्येकी ४ बाय २ चे तीन तुकडे झाले २४ चौरस फूट. दोन्ही कडांचे २ बाय २ चे तुकडे झाले ८. बेरीज बरोबर ३२. एका पत्र्यात पेटी निघते आणि तुकडा वाया जात नाही. करवतीचं पातं दर कापामागे तीनेक मिलीमीटर खातं, तेवढं धरून चाला. पुढची आणि मागची भिंत तळाच्या फळीवर उभी राहते आणि कडांचे तुकडे त्या दोघींच्या मध्ये बसतात, म्हणून १८ मिलीमीटरचा प्लाय असेल तर कडांची रुंदी ३६ मिलीमीटरनं कमी करायची. काठाखाली पाच-सहा सेंटीमीटर जागा सोडून ५५ सेंटीमीटर पाणी भरलं, तर ते सुमारे ३७० लिटर होतं.

पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो. टाकी घरातली असो की धरणाएवढी, ५५ सेंटीमीटर खाली दर चौरस सेंटीमीटरवर ५५ ग्रॅमच भार येतो. आकडा किरकोळ दिसतो, पण आपल्या समोरच्या भिंतीवरचा सगळा रेटा मोजला तर तो १८० किलोच्या घरात जातो. तीन मोठी माणसं आतून त्या भिंतीवर रेलून बसली आहेत, आणि कधीच उठणार नाहीत, असं समजा. शिवाय हा रेटा सगळीकडे सारखा नसतो. वर शून्य, तळाशी सर्वांत जास्त. त्याचा मध्य तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे १८ सेंटीमीटरवर येतो. पाण्याची उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो. लांबी वाढवायला म्हणूनच फारशी भीती नाही. उंची मात्र विचार करून वाढवावी.

तळाचे सांधे भिंतींना खालून धरून ठेवतात. वरची कड मोकळी असते, त्यामुळे लांब भिंती वर मधोमध बाहेर फुगतात. त्यांना बांधायला समोरून मागे एक रुंद आडवी पट्टी लागते. तिच्यासाठी वेगळा प्लाय आणायची गरज नाही. समोरच्या भिंतीत खिडकी कापायचीच आहे. चारही बाजूंनी तीन इंच चौकट ठेवून कापलेला १०७ बाय ४६ सेंटीमीटरचा तुकडा हातात येतो, त्यातूनच पट्ट्या काढाव्यात. खिडकी एकाच अखंड फळीतून कापायची, चार पट्ट्या जोडून चौकट करायची नाही. जोडला तेवढा सांधा आणि सांधा तेवढी शंका. कोपरे काटकोनात कापू नका. आधी गिरमिटानं भोक पाडून गोल ठेवा, कारण चीर नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होते.

प्लाय कुठला, इथे दुकानदाराशी नीट बोलावं लागतं. फर्निचरचा साधा प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. आपल्याला आयएस ७१० हा शिक्का असलेला मरीन प्लाय हवा. या दर्जाच्या प्लायचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीतून जातात, आणि तरीही पापुद्रे सुटता कामा नयेत. त्यातला चिकटवणारा पदार्थ फिनॉल फॉर्मल्डिहाइड जातीचा असतो. पण एक गैरसमज इथेच काढून टाकू. मरीन प्लाय पाण्यात सुटत नाही याचा अर्थ तो पाणी पीत नाही असा नव्हे. लाकूड ते लाकूडच. ते ओल ओढतं, फुगतं आणि कुजतं. शिवाय कीड आणि बुरशी लागू नये म्हणून त्यात औषध मुरवलेलं असतं. ते माशांच्या पाण्यात उतरलेलं परवडणार नाही. म्हणून आपण जी कातडी चढवणार आहोत तिला दोन बाजूंची राखण करायची आहे: पाण्यापासून लाकडाची आणि लाकडापासून पाण्याची.

सांधे जोडताना नेहमीचा पांढरा गोंद नको, तो सततच्या ओलीत मऊ पडतो. दोन भागांचं इपॉक्सी रेझिन घ्या, त्यात रंध्याचा नव्हे तर पॉलिश पेपरचा पिठासारखा भुसा कालवून श्रीखंडाइतकं घट्ट करा आणि तेच सांध्यात भरा. सांधा स्टीलच्या स्क्रूंनी आवळा, पण फार कचकचून नाही. सगळं रेझिन बाहेर आलं तर आत चिकटवायला काय उरणार? गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासा. स्क्रूची डोकी लाकडाच्या पृष्ठभागाखाली बुडवून वरून तोच लगदा भरा. मग आतल्या प्रत्येक कोपऱ्यात चमच्याच्या पाठीनं लगद्याचा गोलवा द्या. गच्चीवर स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यात गवंडी असाच गोलवा काढतो, त्याला तो वाटा म्हणतो. कारण दोन्हीकडे एकच. काटकोनी खाचेत थर पातळ पडतो आणि इमारतीची असो की पेटीची, हालचाल तिथंच होते.

आता खरी कातडी. रेझिन आणि हार्डनर मोजताना अंदाज अजिबात चालत नाही. हार्डनर जास्त घातला तर लवकर वाळेल ही समजूत रंगाच्या कामातून आलेली आहे. इथे वाळणं नाहीच, इथे दोन द्रव्यांची रासायनिक गाठ पडते. एकाचे हात दुसऱ्याच्या हातांत अडकतात. जे जास्त झालं त्याचे हात रिकामे राहतात, थर चिकट राहतो आणि ते उरलेलं द्रव्य पुढे पाण्यात उतरतं. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनी आहे की मापी, ते वाचा, आणि खामगावच्या चांदीच्या पेढीवर ज्या नजरेनं काट्याकडे बघतात त्या नजरेनं काट्याकडे बघा. हातमोजे घालाच. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही.

हवामान इथे फार महत्त्वाचं, आणि आपल्या जिल्ह्यात तर एकाच दिवशी दोन हवामानं असतात. बुलढाणा शहर घाटावर, सुमारे ६५० मीटर उंचीवर. मलकापूर, खामगाव, शेगाव घाटाखाली. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. डिसेंबरात घाटावर जे रेझिन पाऊण तास हाताशी राहतं, ते एप्रिलात घाटाखाली वाटीतच उकळायला लागतं. उकळणं हा शब्द शब्दशः घ्या. मोठ्या गोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, अभिक्रिया आणखी वेगानं होते, आणि वाटीतून धूर निघतो. म्हणून एका वेळी थोडंच कालवा आणि लगेच पसरट ताटात ओता. पावसाळ्यातली दमट हवाही वाईट, कारण हार्डनर हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डाय-ऑक्साइडशी गुंतून वर मेणकट साय आणतो. दिवाळी ते होळी हे दिवस सगळ्यांत चांगले.

दिवसाची वेळ मात्र ऋतूपेक्षाही महत्त्वाची, आणि हे मला ठेच लागून समजलं. माझ्या पहिल्या पेटीला मी सकाळी अंगणात बसून रेझिनचा हात दिला होता. दहा वाजता सगळं काचेसारखं चमकत होतं. ऊन चढलं तसं लाकूड तापलं, त्याच्या नळ्यांतली हवा प्रसरण पावली आणि ओल्या थरातून बुडबुडे बाहेर पडू लागले. बुडबुडा फुटून जिथे थर वाळला तिथे सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं. मला ते दिसलं नाही, पाण्याला दिसलं. तिसऱ्या दिवशी तळाच्या फळीखाली तळहाताएवढा ओला डाग होता, आणि तो फुगलेला प्लाय पुन्हा कधी सपाट झाला नाही. तेव्हापासून पहिला हात मी दिवस उतरताना देतो. संध्याकाळी लाकूड निवत जातं, आतली हवा आकसते आणि रेझिनलाच आत ओढून घेते. तीच छिद्रं, तीच हवा. फक्त वेळ बदलली की शत्रू मदतीला येतो.

पहिला हात पातळ आणि विनारंगाचा. प्लायच्या कडा, जिथे पापुद्र्यांची तोंडं उघडी असतात, त्या सगळ्यांत जास्त पितात; त्यांना पिता येईल तेवढं पाजा. थर वाळला की मेणकट साय पाण्यानं आणि घासणीनं धुऊन टाका, मग पॉलिश पेपर मारा, पुसून घ्या. आधी घासलं तर साय खरवडांत भरते आणि पुढचा थर सुटतो. मग कोपऱ्यांवर आणि सांध्यांवर काचतंतूंच्या कापडाच्या चार इंची पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून बसवा, अशा की पांढरा तंतू कुठेच दिसू नये. लाकूड ऋतूप्रमाणे थोडंफार हलतंच. नुसतं रेझिन तिथे तडकेल, काचतंतू त्याला धरून ठेवतो. दुसऱ्या हातात थोडा निळा इपॉक्सी रंग मिसळा आणि तिसऱ्यात काळा. निळा कुठे डोकावला की तिथे तिसरा हात पोचला नाही हे लगेच कळतं. बाहेरूनही दोन हात द्या. सगळं मिळून तीनेक किलो रेझिन लागतं. आणि एवढा खटाटोप करून आतल्या कातडीची जाडी होते जेमतेम अर्धा मिलीमीटर. ३७० लिटर पाणी आणि लाकूड यांच्यामध्ये तेवढंच असतं.

स्वस्त पर्याय सुचवणारे भेटतील. गच्चीला मारायचा वॉटरप्रूफ रंग पावसासाठी असतो, कायम बुडून राहण्यासाठी नाही, आणि त्यात शेवाळ मारणारं औषधही असू शकतं. फायबरच्या टाक्यांचं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही आणि वाळताना आकसतं. मला आवडणारा पर्याय शेतातला आहे: शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं अस्तर. खिडकी नसलेली, वरून बघायची पेटी करायची असेल तर ते घडी घालून आत बसवलं की काम झालं. खिडकी आली की मात्र ते बाद, कारण त्या प्लास्टिकला सिलिकॉन चिकटत नाही.

काच आतून बसवायची. बाहेरून लावली तर पाणी तिला चौकटीपासून दूर ढकलतं; आतून लावली तर तेच पाणी तिला चौकटीवर दाबून धरतं. १२ मिलीमीटर जाड, ११६ बाय ५५ सेंटीमीटरची काच घ्या, म्हणजे चारही बाजूंनी साडेचार सेंटीमीटर चौकटीवर येते. पेटी तोंडावर पालथी ठेवा, चौकटीवर सिलिकॉनचा सलग जाड थर द्या, काच हलक्या हातानं टेकवा. सिलिकॉन साधं, व्हिनेगरचा वास येणारं. बाथरूमचं बुरशीरोधक नको, त्यातलं औषध माशांना मारतं. हे सिलिकॉन हवेतली ओल घेऊन कडेकडून आत वाळत जातं, दिवसाला दोन-तीन मिलीमीटर. मधल्या भागापर्यंत पोचायला दोन आठवडे द्या, घाटाखालच्या कोरड्या हवेत आणखी चार दिवस. आडवी पट्टी काच बसल्यावरच लावायची, नाहीतर काच आत जाणार नाही.

भरलेली पेटी वाळू-दगडांसकट पावणेपाचशे किलोच्या आसपास जाते. घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो, आणि इथे तो सहाशेच्या वर जातो. म्हणून तळमजला बरा. वर ठेवायचीच तर भिंतीला लागून, तुळईवर. मातीची जमीन असेल तर पेटी ज्या स्टँडवर ठेवायची त्याच्या पायांखाली शहाबादी फरशी हवी. पाणसळ लावून चारही कोपरे तपासा.

पहिलं पाणी अंगणात भरा. पाव पेटी, मग एक दिवस थांबा. अर्धी, पुन्हा एक दिवस. रोज कोरड्या वर्तमानपत्राचा कागद सांध्यांखाली सरकवून बघा. ओल बोटाला कळायच्या आधी कागदाला कळते. आठवडाभर भरून ठेवल्यावर ते पाणी फेकून द्या, असं तीनदा. त्यानंतर घरात ठेवून गाळणी सुरू करायची आणि विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना द्यायचा, तोवर मासे आणायचे नाहीत.

पेटी गळत नाही हे पक्कं झालं की उलटा प्रश्न सुरू होतो, बाहेर वाटच नसेल तर आत काय साचतं, आणि त्याचं उत्तर लोणारला जाऊन बघता येतं. बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघातानं झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर म्हणजे बाहेर वाट नसलेलं भांडं आहे. झरे आणि पाऊस पाणी आणतात, ऊन ते नेतं. पण ऊन फक्त पाणी नेतं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षांच्या या जमाखर्चातून तिथल्या पाण्याचा सामू १० च्या आसपास गेला. इतक्या क्षारीय पाण्यात गोड्या पाण्यातले नेहमीचे मासे तग धरत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेही खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

आपली पेटीही बाहेर वाट नसलेलं भांडंच आहे. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला आपण वर पंखा लावतो. कूलर जसा कोरड्या हवेत खोली गार करतो, तसाच तो बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरवतो. पातळी खाली येते, आपण वरून बोअरचं पाणी घालतो, आणि प्रत्येक वेळी थोडे क्षार मुक्कामाला येतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी मुळातच खारं. तिथे गप्पी, मोली किंवा आफ्रिकी सरोवरांतले सिक्लिड हे जड पाण्याला सरावलेले मासे निवडावेत, आणि घट भरून काढायला बोअरचं पाणी वापरूच नये. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी काढून टाकायचं, म्हणजे क्षारांना बाहेरची वाट मिळते.

घट भरायला सगळ्यांत चांगलं पाणी पावसाचं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. मृगाचे पहिले दोन पाऊस छपराची धूळ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग पन्हाळीखाली झाकणाचा पिंप ठेवायचा. २०० लिटरचे दोन पिंप भरले की पुढचे कितीतरी महिने पेटीत बादलीनं तेच पाणी ओतता येतं.